तपासअण्णांचा कोट

मे महिन्यात आमच्या जुन्नरला दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा उन्हात गुडघ्यापर्यंत आलेला तपकिरी ओव्हरकोट आणि डोक्यावर फेल्ट हॅट घालून कुणी रसवंतीपाशी उभं दिसलं, तर ते तपासअण्णा समजावेत. रसाचा ग्लास तोंडाला लावण्याआधी ते आत भिंगातून बघतात. रसवंतीवाला आता सरावलाय. "अण्णा, माशी न्हाई त्यात," तो म्हणतो. "ते आमी ठरवू," अण्णा म्हणतात आणि मगच पितात.

मतदारयादीत त्यांचं नाव हिरामण आहे, पण गावात ते कुणी वापरत नाही. उभी नोकरी त्यांनी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली. बाहेरून कुणी काहीही विचारो, आतून एकच उत्तर यायचं, "येईल. बसून घ्या." ही खिडकीतली शुद्ध भाषा. खिडकीबाहेर अण्णा चारचौघांसारखंच बोलतात. घाटात दरड पडो की गाडी पंक्चर होवो, "येणार नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "येनार न्हाई म्हनलं की मानूस उठून जातो, बबनराव. आन मंग गाडी आली तर?"

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते वेळापत्रकाच्या आड रहस्यकथा वाचायचे. वाचनालयातलं रहस्यकथांचं अख्खं कपाट त्यांनी संपवलं आणि पुन्हा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. खुनी कोण हे ठाऊक असूनही दुसऱ्या वाचनात ते त्याला सुधारायची संधी देत. निवृत्त झाल्यावर मंचरच्या आठवडे बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून त्यांनी हा कोट उपसून काढला. हॅट कुठून आली ते कळलं नाही. विचारलं की म्हणतात, "तपास चालू हाये." मग त्यांनी गुप्तहेर फेरी काढली. दर रविवारी संध्याकाळी पाहुण्यांना जुन्या पेठेतून पायी हिंडवायचं, दुकानादुकानातून साक्षीदार भेटवायचे, पुरावे दाखवायचे आणि शेवटी गुन्हेगार पकडायचा.

यात माझा स्वार्थ होता. माझं घर नारायणगाव रस्त्याला आहे आणि वरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो. किल्ला सकाळी उरकतो, लेणी दुसऱ्या दिवशी होतात. मधल्या संध्याकाळी या मंडळींचं करायचं काय, हा माझा जुना प्रश्न अण्णांनी सोडवला.

अण्णांचे तर्क ऐकण्यासारखे असतात. पाहुण्याच्या बुटाकडे बघून ते म्हणतात, "काल तुमी खोडदला दुर्बिणी बघायला गेला व्हता." पाहुणा म्हणतो, "नाही हो, आम्ही आत्ताच पुण्याहून आलो." अण्णा डगमगत नाहीत. "मंग उद्या जानार असाल. बूट तयारीत हाईत." एकदा चहाच्या टपरीवर एका माणसाचे डोळे पाणावलेले बघून त्यांनी त्याला कांद्याचा आडतदार ठरवलं. तो डोळ्यांत औषध घालून बसलेला शाळामास्तर निघाला. "मास्तर असला तरी घरी कांदा असंलच की," असं म्हणून अण्णांनी तोही तर्क जिंकला.

पहिली काही वर्षं फेरीत अत्तराच्या व्यापाऱ्याचा खून व्हायचा. केस झकास होती. शेवटी चौकात अण्णा डोळे मिटून उभे राहायचे आणि एखाद्या पाहुण्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "हाच तो." ज्याला पकडलं तो सगळ्यांत खूश असायचा. बायको त्याचा फोटो काढायची, मुलं टाळ्या पिटायची, आणि मंडळी जेवायला माझ्याकडे परतायची.

मागच्या वर्षी अण्णांनी हा चांगला चालता खून बंद केला. नवी केस आली, हरवलेल्या माणसाची. हा माणूस एके दिवशी आपल्याच घरातून नाहीसा झालाय, एवढंच ते सांगतात. नाव काय त्याचं, असं पाहुणे विचारतात. "नाव अजून हाती आलेलं न्हाई. मुख्य साक्षीदार नाव घेत न्हाई."

"का घेत नाही?"

"बाईमानूस हाये. जुन्या वळणाची. न्हाई घेत म्हंजी न्हाई घेत."

तरुण पाहुणे हसतात. त्यांच्यातली एखादी आजी मात्र मान डोलावते, कारण नवऱ्याचं नाव तिनंही उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नसतं.

बरं, पुरावे तरी जोरदार असावेत. तर तेही नाही. शिंप्याच्या दुकानात कळतं की हरवलेल्या माणसाचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर लांब होता. भेळवाला सांगतो, तो एकाच कागदात भेळ घ्यायचा आणि त्यातला कांदा निवडून स्वतः खायचा, कारण सोबतीच्या बाईंना कांदा चालायचा नाही. बांगडीवाल्या आत्या तर पदरात तोंड लपवून हसतच सुरुवात करतात. "यायचा एक मानूस. बायकोसाठी हिरव्या बांगड्या न्यायचा. माप इचारलं की हाताची मूठ करून दाखवायचा. आता मूठ कुनाची, तर सोताची! दर वर्साला बांगड्या ढगळ. पुढच्या वर्सी पुन्ना तीच मूठ." हे सांगताना त्या अण्णांकडे बघतात आणि अण्णा भिंगातून बांगड्यांकडे.

मी हे सगळं पन्नासदा ऐकलं असेल. डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, दुसरं काय म्हणू.

कारण माझं लक्ष शेवटाकडे होतं, आणि या केसला शेवटच नव्हता. चौकात आल्यावर अण्णा हॅट काढायचे आणि सांगायचे, "मानूस अजून सापडलेला न्हाई. तपास चालू हाये. जावा आता घरी." पाहुणे माझ्याकडे बघायचे. एका काकांनी तर जेवताना मला सुनावलं, की उपाशी ठेवा पण असं अर्धवट ठेवू नका. लोकांनी फेरीला यायचं कमी केलं. शेवटी एका रविवारी फेरीनंतर मी अण्णांना माझ्या ओट्यावर बसवलं आणि सरळ बोललो.

"अण्णा, त्या माणसाला सापडू द्या. विहिरीत सापडू दे, मुंबईत सापडू दे, पण सापडू दे. नाहीतर माझे पाहुणे मी पाठवायचा नाही."

अण्णांनी हॅटची कड चाचपली. "न्हाई जमायचं, राव," एवढंच म्हणाले.

मी आणखी बोलणार तेवढ्यात एका पाहुण्याच्या पोरानं कोकमाचा अख्खा तांब्या त्यांच्यावर उपडा केला. माझी बायको मालती धावत आली. कपडे धुवायचे म्हटलं की तिला उशीर खपत नाही. भावजी, द्या इकडे, म्हणत तिनं कोट उतरवून घेतला आणि अण्णा हात धुऊन येईपर्यंत तो साबणाच्या बादलीत बुडाला होता.

बादलीतला कोट बघून अण्णांचा चेहरा उतरला. खिडकीपुढं पन्नास माणसं भांडत असताना न डगमगलेला हा माणूस, पण आवाज बारीक झाला. "वहिनी, भिजवला?" मालती म्हणाली, उद्या इस्त्री करून पाठवते. "उद्या?" ते म्हणाले. मग सदऱ्यावरच, हॅट हातात धरून, निघून गेले. मला वाटलं माझ्या बोलण्याचा राग आला. मालतीनं माझीच खरडपट्टी काढली.

उन्हाळ्याचे दिवस, कोट तासाभरात बराचसा वाळला. अंधार पडल्यावर मी तो घेऊन अण्णांच्या घरी गेलो. पेठेत मागच्या आळीला त्यांचं घर. सरूवहिनींना हल्ली विसरायला होतं, त्या बाहेर पडत नाहीत, एवढं मी ऐकून होतो. जाऊन बघायला हवं होतं, पण राहून गेलं. राहून जातंच.

अण्णा स्वतःच्या घराच्या पायरीवर बसले होते. दार आतून बंद.

"आत का नाही जात?"

"वळखत न्हाई ती." त्यांनी माझ्या हातातल्या कोटाकडे पाहिलं. "शेजारीन असली की घेते मला आत. आज ती मंचरला गेलीय, पोरीकडं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वर्षापूर्वी वहिनी त्यांना ओळखेनाशा झाल्या. परका माणूस घरात शिरतोय म्हणून ओरडायच्या, कोपऱ्यात बसून थरथरायच्या. एका रविवारी अण्णा फेरीवरून कोट न काढताच घरी आले. वहिनींनी दार उघडलं आणि त्यांना वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, बरं झालं साहेब, तुमी आलात, आमचं मानूस हरावलंय.

"तवापासनं मी तिच्या नवऱ्याचा तपास करतोय," अण्णा म्हणाले. "ती रोज काय ना काय सांगते. भेळ, बांगड्या. तेच मी रविवारी फिरवतो. खरंच घडलं व्हतं का, ते इचारून घेतो लोकांना. मलाच आठवत नसायचं त्यातलं."

"आणि रात्री?"

"पडवीत निजतो. पहारा म्हनून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता सांगा, मानूस सापडला म्हनून केस बंद केली, तर मी कोन म्हनून आत जायचं?"

मी कोट पुढं केला. तो अजून दमट होता. अण्णांनी सगळी बटणं लावली, हॅट नीट केली आणि कडी वाजवली.

दार उघडलं. बारीक चणीच्या, नीटनेटकी वेणी घातलेल्या सरूवहिनी. हातात हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत सरकतील अशा. "या साहेब," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे शंकेनं बघू लागल्या.

"हे आमचे हवालदार," अण्णा म्हणाले. मी पाय जुळवून उभा राहिलो.

त्यांनी आम्हांला पाणी दिलं. स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अण्णांनी विचारलं, "ताई, आज काय आठवलं?"

"माझं म्हायेर डिंभ्याला," त्या हळूहळू सांगू लागल्या. "म्हायेरी जायला मी स्टँडवर जायची. हे खिडकीत असायचं. मला बी सांगायचं, येईल, बसून घ्या. एकदा गाडी समूर उभी व्हती, तरी म्हनलं, बसून घ्या." त्या हसल्या. "मला कळत व्हतं. मी बसायची."

अण्णा खाली बघत होते. आता ते काही विचारणार नाहीत हे दिसत होतं. केस थांबू नये म्हणून हवालदारालाच बोलावं लागलं. मी म्हणालो, "ताई, नाव कळल्याबिगर आम्ही शोधणार कसं? एकदा नाव सांगा की."

वहिनींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. लग्नाच्या मांडवात उभी असावी तशी लाजली ती म्हातारी बाई. बराच वेळ गेला. मला वाटलं, हरवलं तेही. मग भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या,

"डिंभ्याच्या पान्यात पडलंय निळं आभाळ,
हिरामनरावांची वाट बघते सांज-सकाळ."

अण्णांनी भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. त्यातून तपासण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. किती वर्षांनी ते नाव त्या घरात घेतलं गेलं असेल.

"साहेब," वहिनींनी विचारलं, "येतील ना हो ते?"

अण्णा ताठ बसले. त्यांचा आवाज आला तो जुना, खिडकीतला.

"येतील. बसून घ्या."

वहिनी थबकल्या. त्यांनी मान कलती करून अण्णांच्या तोंडाकडे नीट पाहिलं, काहीतरी लांबून येताना दिसावं तसं. मग पदर सावरून त्यांच्या समोर बसून घेतलं.