दोन मिनिटं न हलल्यास

यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस सॉल्व्हंटनं धुवायच्या खोलीत काका एकटेच काम करत. तीस वर्षं झाली होती, त्यातली वीस उघड्या हातांनी. वाफेनं डोकं गरगरलं की काका "वय झालं" म्हणत. अठ्ठाविसाव्या वर्षापासून म्हणत होते.

मग कारखान्यात नवी सेफ्टी मॅडम आली.

"काका, पाण्यात मिसळायचं नवं द्रावण पुढच्या महिन्यात येतंय. तोवर हा मास्क, हे हातमोजे, आणि ही डबी कमरेला. दोन मिनिटं हलला नाहीत तर शिट्टी मारेल. तरी हलला नाहीत, तर मला फोन लावेल आणि तुम्ही कुठे आहात तेही सांगेल."

"आणि हललो तर?"

"तर मी सुखानं जेवेन."

शनिवारी सुट्टी झाल्यावर काकांनी मास्क काढला, हातमोजे काढले. डबी कमरेलाच राहिली. घरी येऊन ते खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. शिट्टी झाली. शेजारचा कुकर असेल, असं त्यांना वाटलं.

तिकडे मॅडमचा फोन वाजला. वाफ डोक्यात चढून काका घरी कोसळले, अशी तिची खात्रीच झाली. तिनं उलट फोन केला. काकांचा मोबाइल जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, मुका करून ठेवलेला.

अर्ध्या तासात दार धडधडू लागलं. काका उठेपर्यंत अग्निशमन दलाच्या दोघा जवानांनी ते उखडलंही. त्यांच्यामागून मॅडम घुसली, मॅडममागून अख्खी इमारत.

"काका! काय होतंय?"

"काही नाही. बसलोय."

"कधीपासून?"

काका विचारात पडले. "ही गेली तेव्हापासून. तीन वर्षं होतील."

शेजारणीनं पाणी आणलं. जवान दार परत बसवू लागले, तर काका सारखे म्हणत होते, "सावकाश होऊ द्या. घाई नाही."

महिन्याभरानं नवं द्रावण आलं. ना वास, ना गरगर. मॅडम डबी परत न्यायला आली. काकांनी ती पुसली, पुन्हा एकदा पुसली.

"मॅडम, ही घरी वापरायला मिळते का हो?"

मॅडमनं डबी हातात घेतली.

"उपयोग नाही, काका. मी एक नेऊन बघितली. रविवारी माझ्या खोलीवर पाचदा वाजली."

"मग? कोण आलं?"

"कोण येणार? फोन ती मलाच लावते."