विमान आहे तोवर

काटेसाहेबांनी जावयाला सलग आठवडाभर घरात पाहिलं आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

जावई खासगी विमानावर कॅप्टन होता. रोज सकाळी तो गुळगुळीत दाढी करी, पांढरा शर्ट इस्त्री करून दाराला अडकवी, काळी बॅग बुटांशेजारी ठेवी, आणि मग अर्धी चड्डी घालून सोफ्यावर मटार सोलत बसे. मटाराच्या भांड्याशेजारी फोन. फोन वाजला नाही की दुपारी तो पंख्याची पाती पुसायला घेई. अख्ख्या इमारतीत एवढं स्वच्छ घर दुसरं नव्हतं.

"आजपण सुट्टी?" काटेसाहेबांनी विचारलं.

"सुट्टी नाही बाबा, ड्युटीवर आहे."

"इथे?"

"हो. मालकांचा फोन आला की दोन तासांत विमान तयार हवं. तोपर्यंत वाट बघायची, ती ड्युटीच."

"आणि ह्याचा पगार मिळतो?"

"ह्याचाच मिळतो. उडायचं काय, ते तर मी आवडीनं करतो."

काटेसाहेबांचं खरं नाव वेगळं. वजनमापं तपासायच्या खात्यात जन्म गेला म्हणून लोक त्यांना काटेसाहेब म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर बायकोही म्हणायला लागली. त्यांची कामाची पद्धत खात्यात प्रसिद्ध होती. साध्या कपड्यांत, हातात पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरायचं, इकडच्या तिकडच्या चौकशा करायच्या आणि मग अलगद खिशातून पोलादी टेप काढायची. निवृत्तीनंतर पिशवी सुटली, पण टेप आणि चौकशा काही सुटल्या नाहीत.

ते मुलीकडे आले होते ते एका सहीसाठी. भाड्याच्या घरात दिवस काढून कंटाळलेल्या लेक-जावयानं एक फ्लॅट पसंत केला होता. बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त जामीनदार हवा होता. कागद शनिवारी दुपारपर्यंत बँकेत पोचले नाहीत तर बिल्डर तो फ्लॅट पुढच्या माणसाला देणार होता. कागद जेवायच्या टेबलावर पडून होते. काटेसाहेबांनी ते दोन्ही बाजूंनी वाचले होते. पण जो माणूस दुधाच्या बिलावरही चौकशीशिवाय सही करत नाही, तो मटार सोलणाऱ्याला जामीन कसा राहणार?

"नोकरी कायम आहे ना?" त्यांनी रात्री जेवताना विचारलं.

"बाबा, निदान जेवताना नको," मुलगी म्हणाली.

"विचारू दे की," कॅप्टन म्हणाला. तो स्वभावानं सरळ होता, आणि सरळ माणसं अशा वेळी घात करतात. "बाबा, मी आधी मोठ्या कंपनीत होतो, आठवतंय? नेमणुकीचं पत्र, युनियन, सगळं होतं. एके दिवशी विमान उतरवलं, बाहेर आलो तर दारावरचा माणूस म्हणाला, कंपनी बंद झाली. तिथे मी कायम होतो."

"आणि इथे?"

"इथे पगार जास्त आहे. पण मालक आहे तोवर विमान, आणि विमान आहे तोवर मी."

काटेसाहेबांचा घास हातातच राहिला. त्यांना राग आला नव्हता, त्यांना विलक्षण कुतूहल वाटलं होतं. जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला अशी नोकरी म्हणजे चार चाकांऐवजी एका चाकावर चालणारी गाडी. ते खोदून खोदून विचारू लागले. कॅप्टननं सांगितलं की त्याच्या एका मित्राची नोकरी मालकाच्या नव्या बायकोला विमानाची भीती वाटते म्हणून गेली. दुसऱ्याच्या मालकाचा घटस्फोट झाला, विमान बायकोच्या वाट्याला आलं आणि तिनं आपल्या भावाच्या ओळखीचा पायलट आणला. तिसऱ्याच्या मालकाला डॉक्टरांनी उंचावर जायला मनाई केली.

"म्हणजे तुमची नोकरी मालकाच्या बायकोवर आणि तब्येतीवर."

"आणि धंद्यावर. आमच्या मालकीणबाई चांगल्या आहेत. मालकांची तब्येतही खणखणीत आहे."

"राहिला धंदा," काटेसाहेब म्हणाले. "कसला आहे म्हणालात?"

"गाद्यांचा."

मुलीनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला उगाचच धास्ती वाटली. कंपनी बंद पडली तेव्हा नवरा कित्येक महिने घरी होता. तो काही बोलत नसे, फक्त विमानाचा आवाज आला की खिडकीशी जाऊन उभा राही. ते दिवस तिला पुन्हा नको होते. आणि फ्लॅट हवा होता.

दुसऱ्या दिवशी काटेसाहेब "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघाले ते थेट मालकांच्या गाद्यांच्या दुकानात गेले. मोठं काचेचं दुकान, आत गारेगार हवा, रांगेनं पलंग मांडलेले आणि गिऱ्हाईक एकही नाही. एक विक्रेता लगबगीनं पुढे आला.

"या साहेब, कशी दाखवू? मऊ की कडक?"

"खप कसा आहे?" काटेसाहेबांनी विचारलं.

"चांगला आहे."

"पगार वेळेवर होतात?"

विक्रेता गोंधळला. "होतात."

"एवढ्यात कोणी नोकरी सोडून गेलं?"

"साहेब, आपण कुठून आलात?"

"मी साधं गिऱ्हाईक आहे," काटेसाहेब म्हणाले. हे वाक्य ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात साधं गिऱ्हाईक कधीच बोलत नाही. विक्रेत्याच्या कपाळावर त्या गारव्यातही घाम आला.

मग काटेसाहेबांनी बूट काढून नीट जोडीनं ठेवले, एका गादीवर आडवे झाले आणि विचार करू लागले. विचार करताना हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी खिशातून टेप काढली. खिशात टेप आणि समोर गादी, म्हटल्यावर मोजणं आलंच. त्यांनी गादी मोजली. कपाळाला आठी घालून पुन्हा मोजली. शेजारची मोजली, तिच्या पलीकडची मोजली.

"कमी भरली का, साहेब?" विक्रेत्यानं विचारलं.

"जास्त," काटेसाहेब म्हणाले. पण जन्मभर हा शब्द वापरायची वेळ न आल्यामुळे तो त्यांच्या तोंडून थेट 'कमी'च्या सुरात बाहेर पडला. "बघतो," असं म्हणून ते बूट घालून निघून गेले.

विक्रेत्यानं मॅनेजरला फोन केला की साध्या कपड्यांत एक सरकारी माणूस येऊन गाद्या मोजून गेला. मॅनेजरनं विचारलं, काय सापडलं? विक्रेता म्हणाला, जास्त. जास्त म्हणजे काय ते मॅनेजरला कळेना, म्हणून त्यानं वर कळवताना "मापात बराच फरक" एवढंच कळवलं. मुख्य कचेरीत पोचेपर्यंत त्याचा "छापा पडणार" झाला होता. कचेरीतले हिशेबनीस वर्षभर मालकांच्या मागे लागले होते की धंद्यात फायदा उरत नाही, विमान विकून टाका. त्यांना आयतीच संधी मिळाली. "छाप्यात पहिलं विमानच डोळ्यांत भरतं," ते म्हणाले. मालकांनी वकिलाला गाठायचं ठरवलं. वकील दुसऱ्या शहरात होता.

आणि मटाराच्या भांड्याशेजारचा फोन वाजला.

कॅप्टन उठला, कपडे केले, बॅग उचलली आणि गेला. "बघा बाबा, आला ना फोन," मुलगी अभिमानानं म्हणाली. नुकतेच घरी परतलेले काटेसाहेब बऱ्यापैकी प्रभावित झाले. त्यांनी कागद पुढे ओढले आणि पेनाचं टोपणही काढलं. पण त्यांना त्या दुकानातली एक गोष्ट राहून राहून खात होती. त्यांनी टोपण परत लावलं.

इकडे विमान वर गेलं तरी मालक झोपले नाहीत. हा वाईट शकुन होता, कारण आपल्या मालाची जाहिरात म्हणून असो की स्वभाव म्हणून, ते विमानात बसल्या बसल्या घोरत. आज मात्र ते पुढे आले आणि वैमानिकांच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसले.

"कॅप्टन, विमान विकावं म्हणतो."

कॅप्टननं समोरच्या ढगाकडे पाहत विचारलं, "का, सर?"

"आमच्यावर छापा पडणार आहे. माणूस पाहणी करून गेला. दुकानाच्या कॅमेऱ्यात आलाय बघा."

मालकांनी फोन पुढे केला. फोटोत एक गृहस्थ गादीवर सरळ रेषेत झोपले होते. पायाशी बूट जोडीनं ठेवलेले, छातीवर टेप आणि अंगात बिनबाह्यांचा चॉकलेटी स्वेटर. तो स्वेटर कॅप्टननं स्वतः निवडून आणला होता.

"सर, हे तर…" तरुण सहवैमानिक बोलून गेला आणि गप्प झाला. तो परवाच कॅप्टनकडे जेवायला आला होता. काटेसाहेबांनी त्यालाही पगार किती आणि नोकरी कायम का, हे विचारलं होतं.

"ओळखता?" मालकांनी विचारलं.

नाही म्हणावं तर विमान जाणार आणि नोकरीही. हो म्हणावं तर विमान राहील, पण नोकरी जाणार. खिडकीशी उभं राहायचे दिवस त्याला आठवले. मग त्यानं सरळ माणसाचा घात पुन्हा एकदा केला.

"माझे सासरे आहेत, सर."

"ते आमच्यावर छापा घालणार?"

"नाही सर. ते माझ्या कर्जाला जामीन राहणार आहेत. तुमचा धंदा नीट चाललाय का, ते बघायला गेले असणार."

मालकांनी फोन मागे घेऊन तो फोटो पुन्हा नीट पाहिला. सहवैमानिक एकाच बटणाकडे टक लावून बघत होता.

"मग काय म्हणाले?" मालकांनी शेवटी विचारलं. "चाललाय का?"

"विचारलं नाही, सर."

"विचारायला हवं. मला स्वतःला कळत नाहीये. खप वाढतोय आणि फायदा आटतोय."

वकिलाकडे न जाताच मालक परत फिरले आणि संध्याकाळी थेट कॅप्टनच्या घरी आले. मुलीनं सोफ्यावरचे मटार उचलून त्यांना जागा करून दिली. बापानं काय केलंय ते तिला नवऱ्याकडून फोनवर कळलं होतं आणि ती बापाशी बोलत नव्हती. काटेसाहेबांना मात्र मालक समोर आल्याचा आनंदच झाला. त्यांच्या बऱ्याच चौकशा बाकी होत्या.

"तुम्ही 'जास्त' म्हणालात," मालक म्हणाले. "किती जास्त?"

"एक इंच. मोजली ती प्रत्येक गादी."

"जास्त दिलं तर गुन्हा होतो का?"

"छे, गुन्हा कसला. पण मला चैन पडेना. एवढ्या वर्षांत जास्त माप देणारा दुकानदार मी पाहिला नाही. असा माणूस धंद्यात किती दिवस टिकणार, आणि त्याच्या भरवशावर मी सही कशी करणार?"

चहा अर्धा टाकून मालक थेट कारखान्यात गेले. तिथे कळलं की गाद्या कापायचं यंत्र गेल्या वर्षी दुरुस्त झालं, आणि तेव्हापासून ते प्रत्येक गादीमागे एक इंच फुकट वाटत होतं. गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचं कारणही नव्हतं. हिशेबनिसांनी वर्षभराच्या इंचांची बेरीज केली आणि विमान विकायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

शनिवारी सकाळी कॅप्टनचा फोन वाजला. दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात जायचं होतं, प्रवासी एकच. नाव ऐकून त्याच्या हातातून मटार सांडले. मालकांनी काटेसाहेबांना सगळ्या कारखान्यांची आणि दुकानांची गुपचूप तपासणी करायचं काम दिलं होतं, कारण मालकांना सगळे ओळखत आणि हिशेबनिसांना तर लांबूनच ओळखत. काटेसाहेबांनी लेखी नेमणूक मागितली होती, ती दोन्ही बाजूंनी वाचली होती, आणि 'कायम' हा शब्द हातानं घालून घेतला होता.

"घरात एक तरी नोकरी कायम झाली," मुलगी म्हणाली. तिनं अबोला सोडला होता, कारण कागदांवर अजून सही नव्हती.

तिनंच बापाला विमानापर्यंत आणून सोडलं. शिडीपाशी कॅप्टन टोपी घालून अदबीनं उभा होता. काटेसाहेब चॉकलेटी स्वेटरमध्ये पहिल्या पायरीवर चढले.

"बाबा, बँक एक वाजता बंद होते," मुलीनं कागद पुढे केले. "आता तरी."

काटेसाहेबांनी पेन काढलं, टोपण काढलं आणि थांबले.

"जावईबापू, एक विचारू?"

कॅप्टननं डोळे मिटले. "विचारा, बाबा."

"हे विमान आता माझ्या तपासणीसाठी उडणार ना?"

"बहुतेक वेळा. हो."

"म्हणजे मी आहे तोवर विमान, आणि विमान आहे तोवर तुम्ही."

"तसंच म्हणायचं."

काटेसाहेब गंभीर झाले. पेन बगलेत धरून त्यांनी डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजू लागले. सहवैमानिक वरून डोकावून बघत होता. विश्वास नसल्यासारखं त्यांनी हात बदलून पुन्हा मोजली.

"बरोबर भरतंय," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.