लवंगेच्या तेलाचा तांदूळ

सातपूरच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला घरातलं एक पिंप कसं सांभाळायचं ते सांगणं म्हणजे त्याचा अपमानच! निदान रंगनाथरावांना तसं वाटलं.

"बोरिक पावडर? विष आहे ते, विष!" घोटीहून आलेला वर्षाचा तांदूळ पिंपात भरताना त्यांनी बायकोला, लताबाईंना, सुनावलं. "लवंगेचं तेल आणलंय. शुद्ध नैसर्गिक! पोरकिडे वासानेच पळतात. एक जरी दिसला तर नाव बदलेन!"

बाटलीवर लिहिलं होतं : चार थेंब कापसावर टाकून, पुरचुंडी करून ठेवा. पण रंगनाथरावांनी लहानपणापासून आईला गव्हाला एरंडेल चोळताना पाहिलेलं. तेल म्हटलं की चोळायचं! त्यांनी मांडी घातली, बाह्या सरसावल्या आणि दोन बाटल्या तेल तांदळाच्या दाण्यादाण्याला चोळलं. संध्याकाळपर्यंत आख्ख्या बिल्डिंगला दाताच्या दवाखान्याचा वास सुटला.

पहिल्याच दिवशी नवसाबाईंनी, रंगनाथरावांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने, ताट सरकवलं.

"रंग्या, भाताला वास येतो रे."

"तुझ्या तोंडाची चव गेलीय, आई. औषधी आहे ते. खा."

"मला साधा भात दे."

"हाच साधा!"

लताबाईंनी दुकानातून किलोभर तांदूळ आणायचं काढलं, तर रंगनाथराव कडाडले, "घरात पिंपभर असताना? लाड नकोत!" पुढचे तीन आठवडे म्हातारी दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. मग एक घास. मग नुसतं पाणी. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय झालंच होतं. एका सकाळी त्या उठल्याच नाहीत.

दहाव्याला सगळे गंगेवर, गोदेच्या घाटावर, जमले. देवळ्याहून थोरली बहीण बायडाबाई आली होती. लताबाईंनी घरून शिजवून आणलेल्या भाताचा पिंड रंगनाथरावांनी मांडला. कावळा लगेच आला! उतरला, मान वाकडी केली, चोच जवळ नेली... आणि टुणकन मागे उडी मारून शेजारीच दहाव्याला बसलेल्या मंडळींच्या पिंडावर जाऊन बसला. तिथे भराभर जेवला.

दुसरा आला. तोही परत फिरला. तिसरा तर खाली उतरलाच नाही.

"आईचं मन कशात तरी अडकलंय!" बायडाबाईने गळा काढला. "आई, तुझी नथ माझ्या तृप्तीच्या लग्नात तिलाच घालीन गं!"

कावळा नाही.

"आई, तुमचा पितळी डबा मोडीत देणार नाही!" लताबाई म्हणाल्या.

कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करू का?"

"दर्भाचा? अन् आई तशीच उपाशी जाईल का रं, रंगनाथ?" बायडाबाई ओरडली. "तू बोल काही! तुझ्यापाशीच राहत होती ना ती?"

उपाशी! रंगनाथरावांनी हात नाकाशी नेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना तो वास आला. टक्कल उन्हात तळपत असताना, चारचौघांसमोर, ते पिंडापुढे ओणवे झाले.

"आई," ते कसंबसं म्हणाले, "तुझं खरं होतं गं. वास येतो. मीच हट्टी! मी तुला साधा भात..." पुढे त्यांना हुंदकाच आला.

कावळ्याला काही पाझर फुटला नाही. तो पिंपळावर पंख साफ करत बसला.

लताबाई मुकाट उठल्या. शेजारच्या मंडळींकडून मूठभर भात मागून आणला आणि पिंडावर ठेवला. गुरुजींनी नदीकडे तोंड फिरवलं. पाणी सोडायच्या आत कावळा झेपावला!

"बघा! लेकानं माफी मागितली अन् शिवला!" बायडाबाईने डोळे पुसत हात जोडले. सगळ्यांनी जोडले.

घरी आल्यावर कपडेही न बदलता त्यांनी पिंपाचं झाकण उघडलं. वासाचा भपकारा आला. डोळे चोळून त्यांनी खाली पाहिलं. वरच्या दाण्यांवरून एक पोरकिडा निवांत चालला होता. त्याच्या मागे दुसरा. कोपऱ्यात तर त्यांचं सगळं गणगोत जमलं होतं.

"काय हो," लताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "मेले का किडे?"

रंगनाथरावांनी झाकण हळूच लावलं.

"नाही गं," ते म्हणाले. "किडे नाही मेले."