धोंड्याच्या जेवणाला तांबडी गाडी

"पाइप म्हंजे पाइप, फिल्टर म्हंजे फिल्टर! पाणी गाळलं काय, पेट्रोल गाळलं काय! ठिबकवाल्याला काय शिकवता?"

माकणीत ठिबकचं दुकान चालवणाऱ्या बजरंगचे हे बोल. जगातली निम्मी वाटोळी 'त्यात काय अवघड हाय?' इथूनच सुरू होतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगूनही उपयोग नव्हता.

दारात सोलापूरच्या भंगारातनं आणलेली जुनी तांबडी स्पोर्ट्स कार उभी होती. दोनच माणसं बसतील अशी, बिनटपाची, चपलेसारखी बसकी! इंजिन ठणठणीत, पण टाकीपासून इंजिनापर्यंतची पेट्रोलची नळी म्हाताऱ्याच्या टाचेसारखी भेगाळलेली. जाफर मिस्त्री म्हणाला, "बजरंगभाऊ, नळी न् फिल्टर पुण्याहून मागवतो. थोडं थांबा."

थांबतो कोण? अधिक महिना संपत आलेला, आणि मुरुमला सासऱ्याकडं धोंड्याचं जेवण. जावयाला देव म्हणून पाटावर बसवायचं आणि वाढता वाढता त्याची लायकी जोखायची, अशी ही आपली थोर रीत! सासरे आण्णासाहेबांनी लग्नापासून बजरंगची एक नळी आपल्या उसात शिरू दिली नव्हती. यंदा मात्र ते सगळ्या रानाला ठिबक करणार होते. आणि पांढऱ्या जीपमधनं फिरणारा साडू योगीराज आपल्या ओळखीच्या कंपनीचं घोडं पुढं दामटत होता. म्हणून बजरंगला थाटात उतरायचं होतं. छाप पडली की रान आपलं!

त्यानं दुकानातली ठिबकची काळी नळी कापली, मध्ये पाण्याचा जाळीचा फिल्टर बसवला. गाडी सुरू झाली! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा हॉर्न मारून तो निघाला.

लोहारा मागं पडलं तशी बायको दीपमाला नाक मुरडायला लागली.

"अहो, वास येतोय."

"गाडीला गाडीचा वास येणार! मोगऱ्याचा येईल व्हय?"

गाडी खोकली, शिंकली, थांबली. बजरंग खाली वाकला. ऊन आणि पेट्रोल दोन्ही पिऊन नळी उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी लिबलिबीत झाली होती. त्यानं सांधे तारेनं आवळले. कोसभरावर पुन्हा तेच. पुन्हा तार. पुढं पुन्हा. शेवटी गाडीखाली शिरला तेव्हा त्याला वाटलं, इथंच पडून राहावं. सावली तरी आहे.

"जाफरभाई थांबा म्हणले होते," दीपमाला वरनं म्हणाली.

"तू माझ्या बाजूनं हायस का जाफरच्या?"

"मी उन्हात हाय!"

कशीबशी गाडी आण्णासाहेबांच्या अंगणात शिरली. सासूबाई तारामती ओवाळायला तबक घेऊन पुढं आल्या. तबकात पेटलेलं निरांजन. आणि त्याच घटकेला खालचा सांधा 'फट्' करून सुटला! पेट्रोलची धार अंगणातनं सरळ तारामतीबाईंच्या पायाकडं निघाली.

"मामी, तिथंच थांबा! ओवाळू नका!"

"असं कसं? मान हाय तुमचा," म्हणत त्या आणखी पुढं.

बजरंगनं गाडीच्या दारावरनं उडी टाकली आणि फू करून निरांजन फुंकलं.

ओवाळणीचा दिवा, तोही अधिक महिन्यात, जावयानं फुंकला! एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

"जावई रुसलं!" योगीराजला उकळ्या फुटल्या. "अंगठी पायजे असल!"

आण्णासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "दारात येऊन दिवा इझवता? काय पायजे ते बोला तरी, जावईबापू!"

बजरंगच्या अंगात आता रुसायचंसुद्धा बळ नव्हतं. "काय न्हाय, मामा. पाणी द्या प्यायला."

"आण्णा, पेट्रोल गळतंय!" दीपमाला ओरडली.

मग काय पळापळ! योगीराज सगळ्यांच्या आधी पळाला, तो जीप बाजूला घ्यायला. बाकीच्यांनी घमेल्या-घमेल्यानं माती टाकली.

सगळं निवल्यावर आण्णासाहेब वाकले. मातीत पडलेला नळीचा तुकडा उचलून दोन्ही हातांनी ताणला. तो लांबला, आणि लांबलेलाच राहिला.

"ही नळी कुठली?"

"ह्यांच्याच दुकानातली," दीपमाला म्हणाली. खोटं बोलायची सवय तिला माहेरानं लावली नव्हती. "पाइप म्हंजे पाइप, म्हणले हे."

पाण्याची नळी वेगळी, पेट्रोलची वेगळी, असं बजरंग ओरडून सांगणार होता. पण दिवसभर तो त्याच्या उलटंच ओरडत आला होता.

"तांब्याभर पेट्रोल धरलं न्हाय हिनं," आण्णासाहेब म्हणाले, "माझ्या हिरीचं पाणी काय धरल?"

बजरंगनं मुकाट्यानं धोंडे खाल्ले. तांबडी गाडी मातीनं माखून अंगणातच राहिली. तिच्या सीटवर कोंबडी बसली. माकणीला परतायला योगीराजची जीप. बजरंग मागं, मांडीवर वाणाच्या अनारशांचा डबा.

योगीराजनं आरशातनं बघत मायेनं विचारलं, "बजरंगराव, मामांच्या रानात आमच्या कंपनीची नळी जोडायला माणूस लागतोय. तुमचा हात बसलेला हाय. येता का?"

बजरंगनं एक अख्खा अनारसा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की जावयाला उत्तर द्यावं लागत नाही.