वजन बघून पतंग

आमच्या शेजारच्या रंगनाथअण्णांकडे चहाला गेलं, की आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. दूधवाला असो की मी, सुटका कुणाचीच नाही. मग अण्णा बाभळीचा शेंडा किती हलतोय ते बघतात आणि निकाल देतात, "एकाहत्तर. आजच्या वाऱ्याला तुमाला बारा मीटरचा पतंग लागंल, वहिनी."

आता मला गुडघ्यांपायी जिना चढवत नाही, मी पतंग घेऊन कुठं जाऊ! पण अण्णांनी श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात तीस वर्षं उसाच्या गाड्यांचं वजन केलं. "आधी वजन बोला," हे त्यांचं रामराम घालणं.

त्यांची एकुलती एक लेक मनीषा तमिळनाडूत समुद्राकाठी नोकरीला. गेल्या वर्षी तिनं फोनवर सांगितलं, की पायाला फळी बांधायची, कमरेच्या पट्ट्याला भला मोठा पतंग अडकवायचा आणि पाण्यावरून पळायचं, असं काहीतरी ती शिकतेय. माझ्या हातातला कप हातातच राहिला. अण्णा म्हणाले, "आधी वजन बोल."

तेव्हापासून अण्णा रोज मोबाईलवर तेच व्हिडिओ बघतात. जड माणसाला पतंग मोठा, हलक्याला लहान. वारा वाढला, की आणखी लहान. शिकाऊ माणसाला फळी मात्र रुंद घ्यायची, म्हणजे लवकर उभं राहता येतं. हेल्मेट, तरंगायचं जाकीट... भाजी निवडता निवडता ऐकून माझंही पाठ झालंय.

घोटाळा पुढेच झाला. मनीषानं मैत्रिणीचा जुना नऊ मीटरचा पतंग आणला. हिचं वजन चोपन्न आणि तिकडं वारा जोराचा. शिकवणारे सर म्हणाले, हा ओढून नेईल, सातचा घे. अण्णांनी काय करावं? डिंकाच्या लाडवांचे चार डबे कुरिअर केले!

"अहो, ते पतंग बदला म्हणतायत ना?"

"वहिनी, गाडी हलकी भरली तर आनखी ऊस चढवायचा. गाडी कोन बदलतं?"

शेवटी त्या सरांनीच व्हिडिओ कॉलवर अण्णांना हिंदीत दहा मिनिटं झापलं. अण्णांनी उभं राहून ऐकून घेतलं. सातचा ठरला. लाडू सरांनीच संपवले म्हणे.

परवा मनीषा पहिल्यांदाच सरांशिवाय एकटी पाण्यात जाणार होती. अण्णांनी व्हिडिओ कॉलवर तिला तीनदा विचारलं, "वढत न्यायला लागला तर पतंग सोडून द्यायची लाल मूठ कुठं हाय? हात लावून दाखव." तिनं दाखवली. फोन ठेवला आणि अण्णा पायरीवरच बसले. चहा निवून गेला.

मी म्हटलं, "एवढा जीव खालीवर होतोय, तर पहिल्याच दिवशी नको म्हणायचं होतं."

"तरी गेलीच असती ती," अण्णा म्हणाले. "मला सांगायचं तेवढं बंद झालं असतं. तिची आई गेली तवापासनं आमचं बोलनं काय हुतं? जेवलीस का? जेवले. संपलं. आता अर्धा अर्धा तास बोलती, वहिनी."

तासाभरानं फोन वाजला. "अण्णा, उभी राहिले मी! लई लांब गेले!" तिचं ओरडणं मलाही ऐकू आलं.

अण्णा "मग?" एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "मग?"

मी कप आत नेऊन ठेवले आणि हळूच घरी आले.