तुळसकर चाळीतले दहा निरक्षर

"दहा कशाला? वीस निरक्षर आणून दाखवते!" असं नलूताई तळपदे भर सभेत बोलून गेल्या, आणि त्यांच्या धाकट्या जावेने, सुरुचीने, ते लगेच वहीत टिपून घेतलं.

सभा गिरगावातल्या 'अक्षरसाथ' संस्थेची होती. प्रौढांना लिहा-वाचायला शिकवणारे वर्ग ही संस्था ठिकठिकाणी चालवायची. शिकवणाऱ्याने फुकट शिकवायचं, विद्यार्थी स्वतः शोधायचे, आणि दहापेक्षा एक जरी कमी भरला तरी केंद्र बंद, असा नियम. नलूताई विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर पाच महिने त्यांनी घराला शिस्त लावली. त्यांना त्याचा कंटाळा आला नव्हता, पण घराला आला, आणि घरच्यांनीच गोड बोलून त्यांना संस्थेत आणून सोडलं. सुरुची तिथे आधीपासून होती. माझगावला तिचा चौदा जणांचा वर्ग जोरात चालला होता.

"वहिनी, लालबागला मिळतील ना एवढे?" सुरुचीने काळजीच्या सुरात विचारलं. "नाही मिळाले तर माझ्या वर्गावर या हं मदतीला. हजेरी घ्यायला कुणीतरी हवंच आहे."

"न मिळायला काय झालं? गिरणगाव आहे ते!" नलूताई म्हणाल्या. धाकट्या जावेच्या हाताखाली फळा पुसण्यापेक्षा त्या अख्खं लालबाग निरक्षर करून आल्या असत्या.

तळपद्यांचं घराणं मुंबईत कित्येक पिढ्या राहिलेलं. पण नलूताईंचं लालबागला जाणं वर्षातून एकदा, गणपतीच्या दर्शनाला, आणि दर्शनाच्या रांगेत कुणी कुणाची पदवी विचारत नाही. त्यामुळे तुळसकर चाळीत शिरताना त्यांनी आवाज चढवला, शब्द सुटे केले आणि पहिल्याच दाराशी उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, "आजी, तुम्हाला, स्वतःचं, नाव, लिहिता येतं का?"

त्या रमाबाई सावंत. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी शांतपणे नलूताईंच्या हातातलं पत्रक घेतलं, कानावरचं पेन काढलं आणि तीन ठिकाणी लाल गोल करून परत दिलं.

पुढच्या दाराला अंबिका राणे, एम.ए. त्यापुढच्या दाराला बँकेत नोकरी करणारी मेघना. तिसऱ्या मजल्यावर तर एक मुलगा खेकड्यांवर पीएच.डी. करत होता. गिरण्या बंद पडल्या तेव्हा या लोकांनी पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवलं होतं, आणि मुलांनी आईबापांना. चार मजले चढून-उतरून नलूताई खालच्या बाकावर बसल्या तेव्हा त्यांची यादी कोरी होती आणि गुडघे बोलत होते.

"काय गो बाय, काय हरवला?" शेजारून आवाज आला.

हे तात्या परब. वय बहात्तर, एके काळचे गिरणी कामगार, आणि कामगार नाट्यस्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळवलेले नट. चाळीत त्यांचा दरारा होता. सकाळी ते पेपर घेऊन बाकावर बसत आणि जाणाऱ्या पोराला पकडून वाचायला लावत. "वाच मोठ्याने. बघू तुझे उच्चार!" म्हणत. अर्ध्या चाळीची जीभ तात्यांनी अशी वळवली होती.

नलूताईंनी सगळं सांगितलं, अगदी जावेसकट. तात्यांनी ऐकून घेतलं आणि ते मांडीवर थाप मारून उठले.

"दहा माणसं ना? देतो. या चाळीत कुणाचा कार्यक्रम रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेला नाही. मागच्या महिन्यात मधुमेहावरच्या भाषणाला चाळीस जण बसवले. मधुमेह दोघांना!"

"अहो, पण ही सगळी शिकलेली माणसं!"

"मग निरक्षराचं काम करतील. त्यात काय?"

नलूताईंनी आयुष्यभर खोट्या विमादाव्यांवर लाल शेरे मारले होते. त्यांचं मन कचरलं. पण मग त्यांना सुरुचीचा फळा आठवला, आणि यादीवर दहा नावं चढली. तात्यांनी दहावं नाव स्वतःचं सांगितलं. "दिग्दर्शक स्टेजवर पाहिजे," ते म्हणाले.

नलूताईंची समजूत अशी की, नावं झाली, काम झालं. पण तात्यांनी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहाला मंडळाच्या खोलीत सगळ्यांना हजर केलं.

"तपासणी कधीही येईल. तालीम पाहिजे. बाई, तुम्ही खरोखर शिकवायचं. अ आ इ ई पासून."

"कशाला तात्या?" मेघना वैतागली. "मी आत्ता ऑफिसातून आलेय यार. तपासणीच्या दिवशी करू ना मॅनेज!"

"मेघना, प्रेक्षक मूर्ख नसतो. एकही धडा गाळायचा नाही. बाई, करा सुरू."

आणि वर्ग सुरू झाला. दिवसामागून दिवस नऊ पदवीधर 'घर बघ, कमळ धर' घोकू लागले. अडचण एकच होती, ती म्हणजे अभिनय. रमाबाईंच्या हातून वेडंवाकडं अक्षर निघतच नव्हतं. 'ग' चुकवायला सांगितला की त्यांना धाप लागायची. अंबिका इतकं गावंढळ बोलायची की खिडकीतून बघणारी तिची स्वतःची मुलं पळून गेली. मेघना ठोकळ्यासारखी बसून चोरून फोन बघायची.

तात्या मात्र प्रत्येकाला बारकावे सांगत फिरायचे. "राणेबाई, निरक्षर म्हणजे खुळा नव्हे. तो जास्त हुशार असतो, कारण त्याला सगळं लक्षात ठेवावं लागतं. आणि मेघना, पेन्सिल अशी हलकी नाही धरायची. दाबून धरायची. बोटांना घाम असतो, पेन्सिल सटकेल अशी भीती असते. फळ्याकडे बघायच्या आधी शेजारच्याच्या पाटीकडे बघायचं. आणि कुणी कागद पुढे केला की पहिल्यांदा खिसा चाचपायचा, चष्मा शोधायला."

"चष्मा कशाला?"

"वेळ काढायला," तात्या म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतः तात्यांचं काम तर पाहत राहावं असं व्हायचं. पाटीवर 'म' काढताना त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. घरचा अभ्यास तेवढा त्यांचाच पुरा असायचा. पाचव्या आठवड्यात त्यांनी 'मालवण' लिहिलं आणि पाटीकडे इतका वेळ बघत बसले की नलूताईंचा पुढचा शब्द द्यायचा राहूनच गेला. पदक उगीच मिळत नाही, असं त्यांना वाटलं.

दीड महिन्याने तपासणीला संस्थेचे अप्पा आले. अप्पा म्हणजे तीस वर्षं प्रौढांना शिकवलेला, कमी बोलणारा माणूस. सोबत सुरुचीही होती, सहज म्हणून.

अप्पांनी सगळ्यांना छापील उतारा वाटला. आपलं काम उठून दिसावं म्हणून रमाबाईंनी तो उलटा धरला. दुर्दैवाने तीच कल्पना प्रत्येकाला स्वतंत्रपणे सुचली होती. नऊ माणसं नऊ उलटे कागद धरून गंभीरपणे बघत बसली. तेवढ्यात अंबिका "आमास्नी काय बी कळंना!" असं ओरडली. लालबागला असं कुणीच बोलत नाही. खेकडेवाल्या मुलाला हसू आवरेना, म्हणून तो खोकू लागला.

अप्पा फळ्याकडे वळले आणि एकही अक्षर न उच्चारता त्यांनी लिहिलं: 'चहा आला. बाहेर चला.'

खुर्च्या सरकल्या. नऊ निरक्षर एका झटक्यात उठून दाराकडे निघाले. मेघना तर दाराबाहेर पोचलीसुद्धा. मग तिला कळलं. मग सगळ्यांना कळलं, आणि जो तो जिथे होता तिथेच थिजला. सुरुचीच्या चेहऱ्यावर दिवाळी उजाडली होती.

तात्या तेवढे बसून होते. त्यांचं बोट हवेत हलत होतं. "च... हा... आ... ला..." कपाळावर घाम आला होता. आजूबाजूला काय घडलं याचा त्यांना पत्ता नव्हता. अर्ध्या मिनिटाने ते शेवटच्या शब्दाशी पोचले आणि एकदम उभे राहिले. "चहा आला!" ते ओरडले. "बाई, चहा आला असं लिहिलंय!"

चहा खरोखरच सांगितला होता, म्हणून बरं. तात्या आणि बाकीचे तो प्यायला व्हरांड्यात गेले आणि नलूताई आत अप्पांसमोर उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे," त्या ताठ मानेने म्हणाल्या. "दहाच्या दहा माणसं शिकलेली आहेत. जावेसमोर नाक कापलं जाऊ नये म्हणून केलं हे सगळं."

"नऊ," अप्पा म्हणाले.

"दहा, अप्पा. ते तात्या तर पदक मिळालेले नट आहेत."

"असतील. कुणीतरी वाचून दाखवलं की पाठ करत असतील. पण वाचता येणाऱ्या माणसाला अक्षरं दिसली की तो ती वाचतोच, नको म्हटलं तरी वाचतो. तुमचे नऊ जण बघा कसे उठले. आणि घामाचा अभिनय करता येत नाही, तळपदेबाई."

नलूताई मटकन खुर्चीवर बसल्या. एकेक धडा, एकेक सूचना त्यांना आठवत गेली. मग त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि सुरुचीसमोर आलं तरी त्यांनी ते पुसलं नाही.

"त्यांची जोडाक्षरं राहिली आहेत हो," त्या म्हणाल्या.

"नियम दहांचा आहे. केंद्र आजपासून बंद," अप्पांनी वही मिटली. दारापाशी जाऊन ते थांबले. "संस्थेचं केंद्र. चाळीच्या खोलीत संध्याकाळी कोण कुणाला काय शिकवतं, ते संस्था विचारत नाही."

सुरुची मागे रेंगाळली. काहीतरी लागट बोलेल असं वाटलं, पण तिने पर्समधून खडूंचा नवा डबा काढून टेबलावर ठेवला. "मला माझगावला चौदांत एकही असा मिळाला नाही, वहिनी," एवढंच म्हणून ती गेली.

नलूताई बाहेर आल्या. चाळ मान खाली घालून उभी होती. तात्या पेला हातात धरून सगळ्यांकडे रागाने बघत होते.

"काय झालं? नापास ना?"

"नापास," नलूताई म्हणाल्या. त्यांनी एक श्वास घेतला. "अप्पा म्हणाले, अभिनय कच्चा. पण तीन महिन्यांनी पुन्हा येणार आहेत. तोवर जोडाक्षरांपर्यंतची तयारी हवी म्हणाले."

विमा कंपनीतल्या सगळ्या नोकरीत त्या इतकं धडधडीत खोटं बोलल्या नव्हत्या, आणि इतक्या खात्रीने तर काहीच बोलल्या नव्हत्या.

"अजून तीन महिने?" मेघना किंचाळली. "बाई, काहीही हं! ते काय परत येणारेत? आम्ही तर आता..."

"बस खाली, मेघना," रमाबाई म्हणाल्या.

बत्तीस वर्षांत रमाबाईंच्या हाताखालून काही हजार मुलं गेली होती. फळ्यासमोर हवेत हलणारं तात्यांचं बोट त्यांनी दारातून वळून पाहिलं होतं, आणि ते बोट त्या ओळखत होत्या. त्यांनी मेघनाकडे पाहिलं, मग अंबिकाकडे. ते पाहणं मुख्याध्यापिकेचं होतं. हळूहळू एकेकाच्या ध्यानात आलं. मेघनाने फोन पर्समध्ये ठेवला आणि कुणी न सांगता आत जाऊन आपल्या जागी बसली.

"मी बोंबलून सांगत होतो, तालीम कमी पडते!" तात्या गरजले. "एकालाही काम येत नाही! उद्यापासून अर्धा तास जास्त. चालेल ना बाई?"

"चालेल," नलूताई म्हणाल्या. "उद्या कशाला? आत्ताच बसू."

सगळे आत आले. फळ्यावर नलूताईंनी पहिलं जोडाक्षर लिहिलं. खोलीत कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. रमाबाईंनी पाटी पुढे ओढली, पेन्सिल घट्ट दाबून धरली आणि तात्यांच्या पाटीकडे वाकून बघत हळूच विचारलं, "तात्या, हे अर्धं अक्षर आधी काढायचं की नंतर? मला नाही जमत."

तात्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"बघा, बघा सगळ्यांनी!" ते म्हणाले. "आत्ता कुठे रमाबाईंचं काम खरं वाटायला लागलं!"