गारमाथ्याची सहामाही

जूनमध्ये आंबेवळणच्या शाळेने गावामागच्या गारमाथा डोंगराला पहिलीत दाखल करून घेतलं. तांदळेबाई शाळाबाह्य मुलं शोधत गावभर हिंडत होत्या, तेव्हा दिवसभर नुसता उभा असलेला हा त्यांच्या नजरेस पडला. वय बरंच होतं. पण आधी कुठल्याच शाळेचं तोंड पाहिलेलं नसल्याने पहिलीशिवाय इलाज नव्हता.

त्याच आठवड्यात बाई आणि मुख्याध्यापक गुंजाळसर यांनी मिळून शाळेची वर्षाची उद्दिष्टं ठरवली. परसबाग करायची, गळक्या नळाला नवी तोटी बसवायची, आणि सहामाहीपर्यंत पहिलीच्या प्रत्येक मुलाने विचारल्याचं उत्तर स्वतःच्या मनाने द्यायचं.

दिवाळीनंतर केंद्रप्रमुख बिडकरसाहेब आढाव्याला आले. परसबागेत मेथी तरारली होती, तोटी गळत नव्हती, मुलं विचारायच्या आत उत्तरं देत होती. बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. मग साहेब मागच्या अंगणात गेले आणि वर पाहत म्हणाले, "याची हजेरी?"

"एक खाडा नाही, साहेब."

"नाव काय रे तुझं?"

"नाव काय रे तुझं?" डोंगर म्हणाला.

"बिडकर," साहेब म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "बाई, हा तर नुसता मागून म्हणतोय."

पाच महिने खणखणीत आवाजात 'माझ्या मागून म्हणा' असं बाईंनीच शिकवलं होतं. बाकीची पोरं कंटाळून कधी गप्प बसायची. हा बिचारा एक शब्द गाळत नव्हता.

साहेब स्वभावाने वाईट नव्हते. "एकाचं जरी राहिलं तरी उद्दिष्ट अपुरं," ते म्हणाले. "त्यापेक्षा याचं नाव पटावरून कमी करा. शाळा शंभर टक्क्यांत येईल."

गुंजाळसरांनी घसा खाकरला. शंभर टक्के त्यांना कधीच मिळाले नव्हते.

"माझ्या वर्गातलं पोर आहे ते," बाई म्हणाल्या. "नाव कमी होणार नाही. मला एक प्रश्न विचारू द्या."

त्या कुंपणापाशी गेल्या आणि घरच्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "गारमाथ्या, बाळा, माझ्या मागून म्हणायचं नाही. तुझं तू सांग. आठ आणि पाच किती?"

डोंगर गप्प राहिला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सगळी शाळा चिडीचूप उभी होती.

"बारा," डोंगर म्हणाला.

"चुकलं," साहेब म्हणाले.

"चुकलंच की!" बाईंचे डोळे भरून आले होते. "पण साहेब, बारा असं इथं कोण बोललं होतं?"

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. कोणीच बोललं नव्हतं.

"उत्तर बरोबर हवं, असं आम्ही ठरवलेलं नव्हतं," गुंजाळसर एकदम म्हणाले.

साहेबांनी थोडा विचार केला. "स्वतःच्या मनाने चुकलाय. उद्दिष्ट पूर्ण. बेरीज कच्ची आहे, वार्षिकपर्यंत बघून घ्या."

"बोटं नसली म्हणून काय झालं?" बाई डोंगराला म्हणाल्या. "अंगावरची झाडं मोज."

शाळा सुटायची वेळ झाली, पण साहेबांसकट कोणी हललं नाही. वर आठ झाडं सावकाश मोजली गेली, मग आणखी पाच. मग पुन्हा सगळी पहिल्यापासून.

"तेरा," गारमाथा म्हणाला.

"तेरा!" अख्खी शाळा त्याच्या मागून म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज तांदळेबाईंचा होता.